शिवेचा खिळा

मुलांनो, जरा उताणे पडा बघू. हात अंगाला चिकटवून, डोळे मिटून. आता असं समजा, की तुम्ही एका पांढऱ्या नळकांड्यात शिरला आहात. ते इतकं अरुंद, की मान उचलली तर कपाळ आपटेल. बाहेरून कुणीतरी पत्रा बडवतंय, थांबतंय, पुन्हा बडवतंय. तुम्हाला हलायचं नाही. नाकाला खाज सुटली तरी नाही. रडायचंही नाही, कारण रडताना पोट हलतं, आणि ते यंत्र तुमच्या पोटाचंच चित्र काढतंय.

किती वेळ जमेल? तुमच्यातल्या बहुतेकांना जेवणाची हाक येईपर्यंतही जमणार नाही. मलाही जमलं नसतं. उजीला जमलं, आणि तेही अशा दिवशी, की ज्या दिवशी तिने रडायलाच हवं होतं.

उजी म्हणजे उज्ज्वला, आमच्या गावच्या ज्ञानबा लोहाराची थोरली मुलगी. गाव आजऱ्याच्या पुढे, डोंगराला टेकून. मी तिथल्या शाळेत शिकवत असे, आणि चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. चुंबकाचा धडा आला की हीच बापाच्या दुकानातून लोखंडाचा कीस पुडीत बांधून आणायची. कागदावर कीस, कागदाखाली चुंबक. किसाचे केस उभे राहिले की म्हणायची, "बाई, ही हेडगुरुजींची मिशी!" ही गोष्ट घडली तेव्हा मी निवृत्त झाले होते आणि ती नववीत होती.

त्या दिवशी पहाटे कोल्हापूरची एसटी धरायची म्हणून मी तिच्या दारात गेले, तर ज्ञानबाचा भाता चालू. एरवी उन्हं वर आल्याशिवाय तो दुकान उघडत नसे.

"एवढ्या सकाळी काय काढलंस रे?" मी विचारलं.

"काय न्हाई बाई. बारीकसं काम व्हतं." त्याने सांडशीत धरलेलं काहीतरी पाण्यात बुडवलं. चर्र असा आवाज झाला. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "पोरीला संभाळा."

"तू येत नाहीस?"

"मी काय करू तिथं येऊन?"

आत त्याची बायको आक्काताई उजीची वेणी घालत होती. उजी ओरडत होती, "आई, केस हायती का सुंभ? किती आवळतीस!"

"गप बस. वाऱ्यानं सुटती."

पावसाळा सरता सरता उजीचं पोट वाढायला लागलं होतं. हातपाय काड्यांसारखे, चेहरा ओढलेला आणि पोट मात्र पुढे. आधी वाटलं जंत असतील. मग नळावरच्या बायकांनी आपसात ठरवून टाकलं. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "ज्ञानबाच्या घरात दुसरा भाता आलाय बरं का, न वढताच फुगतोय." शाळेत ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. काही दिवस घरीच राहा, असं सांगून उजीला दप्तरासकट परत पाठवलं. दवाखान्यातल्या नर्सने लघवी तपासायची पट्टी लावली, तर पट्टीवर दोन रेघा आल्या. दोन रेघा म्हणजे दिवस गेलेत, हे आक्काताईला माहीत होतं, आणि नळावर ते तिच्याआधीच पोचलं होतं.

उजी देवाची शपथ घेऊन सांगत होती, की तसलं काही नाही. मुलांनो, नववीतल्या मुलीला कुणाकुणाला आणि किती वेळा ते सांगावं लागलं असेल, याचा विचार करा. शेवटी आक्काताई भरलेली घागर नळावर आपटून आली. "माझ्या पोरीकडं बोट केलंसा तर बोट मोडून हातात दीन! माझा इश्वास हाय तिच्यावर!"

हे मला उजीनेच येऊन सांगितलं होतं. सांगताना तिचे डोळे चमकत होते. "बाई, समदं गाव एका बाजूला गेलं तरी चालंल. आई माझ्याकडं हाय."

पण इज्जतीपायी घरच्यांनी तिला घरातच ठेवलं. कुणी काढा दिला, कुणी अंगारा. दिवाळी आली नि गेली. ती रात्री पोट धरून बसू लागली, तेव्हा मी मायलेकींना गडहिंग्लजला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, "गर्भ दिसत नाही. डाव्या अंडाशयाच्या बाजूला मोठी गाठ आहे. पण ती नेमकी कुठून निघालीय, आत काय आहे, ते यात उमगत नाही. कोल्हापूरला एमआरआय करा. साधी पाण्याची गाठ असली तर इथंच काढू. दुसरं काही असलं तर मुंबईला जावं लागेल, आणि तेही लगेच."

परत येताना मी म्हटलं, "ऐकलंस ना आक्काताई, गर्भ नाही."

"व्हय, ऐकलं की," ती म्हणाली, आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

कोल्हापूरच्या त्या केंद्रात यंत्र चालवणारा शिरगुप्पे नावाचा तरुण होता. उंच, हसरा. त्याने आधी आम्हाला बसवून समजावलं. "आत मोठा चुंबक हाय. तुम्ही बघितलाय त्याच्यापेक्षा लई म्हंजे लई मोठा. बटण बंद केलं म्हणून तो बंद होत नाही, कायम चालू. म्हणून अंगावर लोखंड नको. पिन, आकडा, चाप, काय असेल ते आत्ताच काढा."

उजीने त्याला विचारलं, "आवाज लई असतो म्हणं?"

"आमच्याकडं लोक कानात बोळे घालून बी ओरडतात."

"आमच्या दादांच्या दुकानापेक्षा जास्त?"

"काय दुकान हाय दादांचं?"

"लोहाराचं."

"मग तुला अंगाई वाटंल," तो म्हणाला, आणि उजी कितीतरी दिवसांनी हसली.

तिच्याबरोबर आत एकाच बाईला जाता येणार होतं. आक्काताई मंगळसूत्र आणि जोडवी काढायला तयार होईना. "मालक जिवंत असताना गळा मोकळा करू व्हय?" म्हणून मी घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, चष्माही काढला, कारण त्याच्या काड्या धातूच्या होत्या. उजी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही चष्म्याबिगर दुसऱ्याच कोण तरी दिसताय."

"मला तर तू दिसतच नाहीस," मी म्हटलं.

शिरगुप्पेने आक्काताईला पुन्हा विचारलं, "मावशी, हिच्या अंगावर काही नाही ना?"

"न्हाई. सोन्याचा मणीसुदिक न्हाई."

उजी केंद्राचा झगा घालून आली. जाड दार उघडलं. आत गारवा होता आणि कुठूनतरी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज येत होता. मध्ये ते यंत्र, त्याला मोठं गोल तोंड, आणि तोंडासमोर अरुंद बाक. आक्काताई काचेपलीकडच्या खोलीत उभी होती.

उजी यंत्राकडे पाठ करून बाकावर बसायला वळली. तेवढ्यात तिची वेणी पाठीवरून उचलली गेली.

माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, म्हणून आधी वाटलं मलाच भास होतोय. पण वेणी खरंच उभी राहिली होती. काठीसारखी ताठ, आणि तिचं टोक त्या गोल तोंडाकडे.

"बाई, माझी वेणी कोण वढतंय?" उजीने किंचाळून विचारलं.

काचेपलीकडून आक्काताईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती रवळनाथाचा धावा करत होती.

"हलू नकोस!" शिरगुप्पे धावत आत आला. त्याने वेणी मुठीत घट्ट धरली आणि एकेक पाऊल करत उजीला दाराकडे ओढून नेलं. बाहेर आल्यावर मी चष्मा चढवला, तर त्याच्या कपाळावर घाम होता. "सोडा ती वेणी. आत्ताच्या आत्ता."

आक्काताई पुढे झाली नाही, म्हणून मीच वेणी सोडली. रिबिनीखाली काळा दोरा होता. दोरा आतपर्यंत गुंडाळला होता, आणि त्यात बोटाच्या पेराएवढा एक खिळा होता. चौकोनी अंगाचा, डोकं एका बाजूला वाकवलेला, अगदी नवा.

"मावशी!" शिरगुप्पेचा आवाज चढला. "मी परत परत विचारलं! हा सुटला असता तर गोळीसारखा गेला असता. पोरीचा डोळा गेला असता!"

"तुमी दागिने इचारलंसा," आक्काताई भिंतीला टेकून म्हणाली. "ह्यो दागिना न्हाई."

"लोखंड विचारलं मी, लोखंड!"

"ते घरला पोचल्याबिगर सोडायचं नसतं."

उजीने खिळा माझ्या हातातून घेतला. तिने तो उलटा केला, वाकलेल्या डोक्यावरून बोट फिरवलं. लोहाराच्या मुलीला ते कुणी शिकवावं लागत नाही.

"ह्यो दादांनी केलाय," ती म्हणाली. "आज केलाय. अजून तापाचा निळा रंग हाय."

ती आईकडे वळली.

"आई, असला खिळा दादा कुणाला देत्यात?"

"उजे, आता नको."

"कुणाला देत्यात?"

मुलांनो, तुमच्या वयाच्या मुलांना आता हे माहीत नसेल. आमच्याकडे पोटुशी बाई गावची शीव ओलांडून जायची झाली, की तिच्या पदरात नाहीतर केसांत लोखंड बांधत. बाहेरचं वारं तिला आणि पोटातल्या बाळाला बाधू नये म्हणून. गावातल्या बायका त्यासाठी ज्ञानबाकडेच येत. तो असा वाकल्या डोक्याचा खिळा करून द्यायचा. आजाऱ्याला अंगारा, लहान पोराला ताईत, पण हा खिळा फक्त पोटुशीला. उजीने लहानपणापासून भाता ओढत हे पाहिलं होतं. मागच्याच वर्षी तिच्या चुलतभावाच्या बायकोला तिने स्वतः तो नेऊन दिला होता.

"तू म्हणालीस, माझा इश्वास हाय," उजी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

"नळावर म्हणायलाच पायजे व्हतं गं."

"आणि घरात?"

आक्काताईने पदर तोंडाला लावला. "पट्टीवर दोन रेघा आल्या त्या. माझ्या डोळ्यांनी बगितल्या मी. तो डॉक्टर काय, बाईंच्या वळखीचा. आपली अब्रू राखायला गाठ म्हणाला आसंल. मी ठरिवलं, जे आसंल ते आसू दे. पोरगी माझी हाय. तिलाबी काय व्हऊ नये, आणि आसंल तर त्येलाबी काय व्हऊ नये."

"दादांना बी असंच वाटतं?"

"त्यांनीच दिला सकाळी."

उजी खिळ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "उजे, आज राहू दे. उद्या येऊ आपण. मी बोलते यांच्याशी."

तिने मान हलवली. टेबलावर सुया ठेवायची एक बशी होती, तिच्यात तिने खिळा ठेवला. मोकळे केस दोन्ही हातांनी मागे घेतले आणि शिरगुप्पेला म्हणाली, "आता माझ्याकडं काय न्हाई. चला."

त्याने तिला बाकावर निजवून हातात एक रबरी बोंड दिलं. मग म्हणाला, "रडू आलं तर हे दाब. मी थांबवीन. रडत असताना चित्र येत नाही."

"न्हाई यायचं," ती म्हणाली.

पुन्हा चष्मा बाहेर काढून ठेवून मी तिच्या पायाशी स्टुलावर बसले. ठकठक सुरू झाली. मध्येच भोंगा वाजावा तसा सूर, मग पुन्हा घण. तिच्या पोटावर पट्टा होता. नळकांड्यातून तिचे फक्त पाय बाहेर होते, आणि मला ते अंधुक दिसत होते. पायाचा अंगठाही हलला नाही. एकदाच मी तिच्या घोट्याला हात लावला, तर तो लाकडासारखा घट्ट होता. बोंड तिने दाबलं नाही.

नंतर डॉक्टर मगदूम बाईंनी आम्हाला आत बोलावलं. उजी म्हणाली, "मला चित्र बघायचंय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दाखवलं नाही म्हणून मूल काही कमी घाबरत नाही, एवढं मला शाळेने शिकवलं होतं.

पडद्यावर करडी, पांढरी, काळी चित्रं होती. डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवलं. "ही तुझी पिशवी. मुठीएवढी आणि रिकामी. हिच्यात कधीच काही नव्हतं." मग टोक वर सरकलं. "ही गाठ. डाव्या अंडाशयातून निघालीय, ते इथं देठासारखं दिसतंय. या चित्रात पाणी पांढरं दिसतं. नुसती पाण्याची गाठ असती तर एकसारखी पांढरी दिसली असती. हिच्यात जागोजाग काळं, करडं आहे. आत भरीव मांस आहे, रक्त आहे. बाजूला पोटातही पाणी साठलंय."

"म्हंजे वाईट?" उजीने विचारलं.

"नक्की काय ते तुकडा तपासल्यावर कळेल. पण साधी नाही. तुम्ही मुंबईला जा, उद्याच्या उद्या."

आक्काताई दारापाशीच उभी होती. ती म्हणाली, "आणि त्या दोन रेघा?"

"अशा काही गाठी असतात, ज्या दिवस गेल्यावर अंगात तयार होतो तोच पदार्थ तयार करतात," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टीला तेवढंच कळतं. रेघा त्या गाठीच्या होत्या. तुम्ही तेव्हाच इकडं यायला हवं होतं."

आक्काताई दारातून पुढे येऊन खाली बसली. तिने उजीचे पाय धरले. आईने मुलीचे पाय धरलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. उजीने पाय मागे घेतले नाहीत, पण हातही पुढे केला नाही. ती अजून पडद्यावरच्या त्या मुठीएवढ्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं सगळं लक्ष तिकडेच राहील. मुंबईला गाठ काढली. तोवर ती पोटभर पसरली होती. मग औषधं झाली, केस गेले, केस पुन्हा आले. वेणी घालण्याएवढे ते वाढले नाहीत. पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमाराला उजी गेली. नळावरच्या बायका त्या दिवशी चुलीही न पेटवता दारात येऊन बसल्या होत्या. त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं, कोल्हापूरहून परत आल्यावरचं.

एसटीत उजी खिडकीशी बसली होती, आक्काताई तिच्या शेजारी, मी मागे. केंद्रातून निघताना उजीने बशीतला खिळा उचलला होता, तो अख्खी वाट मुठीत होता. आक्काताईने हळूच हात पुढे केला, "दे, मी टाकून देते." उजीने मूठ उघडली नाही.

फाट्यावर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शिवेवरचा दगड ओलांडला, नळ ओलांडला. नळावर बायका होत्याच. उजी त्यांच्यासमोरून मोकळ्या केसांनी सरळ चालत गेली. घरात न जाता ती दुकानात शिरली.

ज्ञानबा ऐरणीपाशी नुसता बसून होता. निखाऱ्यांवर राख चढली होती. त्याने आधी मुलीकडे पाहिलं, मग मागे उभ्या बायकोकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "गाठ आहे, ज्ञानबा. मूल नव्हतंच."



उजीने खिळा ऐरणीवर ठेवला.

"ह्याचं डोकं सरळ करा, दादा," ती म्हणाली. "साधा खिळा करा. दप्तर अडकवायला पायजे मला."

मग ती भात्यापाशी गेली. पोट आडवं येत होतं, म्हणून जरा तिरकी बसली. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि राखेखालचे निखारे लाल होईपर्यंत ओढत राहिली.